चोरून की तोडून? बाय जुयीच्या चार ओळी मराठीत आणताना

एका चिनी कवितेचा मराठी अनुवाद करताना एका क्रियापदावरून सहा आठवडे काम अडलं, त्याची ही हकिकत आहे. मासिकाचं, शाळेचं आणि माणसांचं नाव मुद्दाम काढलं आहे. काही गोष्टी मी नीट केल्या, काही केल्या नाहीत. दोन्ही लिहिते आहे, कारण मुलांसाठी अनुवाद करणाऱ्या दुसऱ्या कुणापुढे हाच पेच कधी ना कधी येईल.

पार्श्वभूमी

एका बालमासिकाला पावसाळी अंकात परदेशी कविता घ्यायच्या होत्या. वाचक तिसरी-चौथीतले. मी चिनी शिकले नोकरीसाठी आणि नोकरी सुटल्यावर ती टिकवली कवितांसाठी, म्हणून चिनी कवितेचं पान माझ्याकडे आलं. निवड माझ्यावर सोडलेली होती. मी बाय जुयीची एक छोटी कविता घेतली. नाव ‘तळ्यावर’. चीनमध्ये ही कविता पहिलीच्या पाठ्यपुस्तकात आहे आणि तिथल्या कुठल्याही शाळकरी मुलाला ती पाठ असते.

बाय जुयी चीनमधल्या थांग राजघराण्याच्या काळातला कवी. जन्म ७७२, मृत्यू ८४६. सरकारी चाकरीत त्याने बढत्या पाहिल्या, दूरच्या गावी बदली होऊन शिक्षाही भोगली आणि उतारवयात लोयांग शहरात घर करून राहिला. ही कविता त्या लोयांगच्या दिवसांतली, ८३५ च्या सुमाराची. कवीची साठी उलटलेली होती.

मूळ कविता

चार ओळी, ओळीला पाच अक्षरं, एकूण वीस. उच्चार साधारण असा:

श्याओ वा छंग श्याओ थिंग
थोउ त्साय बाय ल्येन ह्वेइ
बू ज्ये त्सांग त्सोंग जी
फू फिंग ई दाओ खाय

अक्षरामागे साधारण एक शब्द ठेवला तर: लहान मूल रेटतं लहान होडी. चोरून खुडून पांढरं कमळ परततं. कळत नाही लपवणं माग. तरंगत्या पानांत एक वाट उघडते.

एवढंच. मूल कुणाचं, तळं कुणाचं, पुढे काय झालं, काहीही नाही. चोरी करून निघालेल्या पोराच्या होडीमागे पाण्यावरचा हिरवा थर दुभंगत जातो आणि त्या दुभंगलेल्या रेघेवरून सगळं दिसतं. ते बघणाऱ्याने हाक मारली की नाही, तेही कवितेत नाही.

थांगकालीन उच्चारांत दुसऱ्या आणि चौथ्या ओळीचं यमक जुळायचं. आजच्या चिनीत ‘ह्वेइ’ आणि ‘खाय’ जुळत नाही, तरी मुलं ती तालात म्हणतात. हे यमक मराठीत परत मिळालं तर हवं, असं मी मनाशी धरलं होतं.

अडचण

पहिला खर्डा मी चार दिवसांत पाठवला. तो असा होता:

इवलंसं पोर, इवलीशी होडी
गुपचूप कमळं चोरून तोडी
लपवू कसं ते ठाऊक नाही
शेवाळात मागे वाट उघडी

म्हणायला गोड, आणि मी खूशही होते. संपादकांचा फोन आला. वयाने आणि कामाने मोठे, बोलणं नेहमी मऊ. म्हणाले, “ताई, कविता छान आहे. फक्त ते ‘चोरून’ काढूया. ‘तोडून’ करा. आणि शेवटी चोरी लपत नाही असं काहीतरी येऊ दे. मुलांच्या हातात जाणारं आहे. पालक विचारतील, शिक्षक विचारतील.”

मी तिथल्या तिथे नाही म्हटलं आणि फोन ठेवला. ही माझी पहिली चूक. माझ्याकडे नकार होता, कारण नव्हतं. कविता बिघडेल, एवढंच वाटत होतं. का बिघडेल हे मला धड सांगता आलं नसतं. पुढच्या आठवड्यात त्यांचा लेखी निरोप आला: दोन बदल करावेत, नाहीतर दुसरी कविता द्यावी.

खर्ड्यातल्या इतर चुका मला तोवर दिसलेल्याच नव्हत्या. ‘तोडी’ म्हटल्यावर पोर रोजच कमळं तोडतं असं वाटतं. ‘परततं’ हा अर्थ तर गळूनच गेला होता. परतण्याशिवाय मागची वाट कसली? ‘चोरून’च्या आधी ‘गुपचूप’ही मी यमकाच्या ठेक्यासाठी भरलं होतं. संपादक एका शब्दावर अडले म्हणून मला माझी सगळी कविता पुन्हा वाचावी लागली, आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

समोरचे पर्याय

एक म्हणजे कविता मागे घेणं. सोपं होतं. याच वळणाची निरुपद्रवी कविता सापडली असती, हंसावरची, पतंगावरची. पण मग मुलांना चिनी कवितेतलं फक्त तेवढंच दिसलं असतं.

दुसरा, ‘तोडून’ करणं. अर्थाने फार दूर नाही. पण मग तिसरी ओळ निकामी होते. तोडायला परवानगी असेल तर लपवायचं कशासाठी? कवितेचा सांधा दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीच्या मध्ये आहे. पोराला चोरायचं कळतं, लपवायचं कळत नाही. एवढं वय असतं ते. ‘तोडून’ने ते वयच पुसलं जातं.

तिसरा, ‘गुपचूप’ ठेवून ‘चोरून’ काढणं. याचा मी खरंच विचार केला, कारण मूळ ‘थोउ’ या अक्षराचे दोन अर्थ आहेत: चोरणं आणि कुणाच्या नकळत करणं. फक्त ‘गुपचूप’ ठेवलं असतं तर भाषेच्या हिशेबात मी खोटी ठरले नसते.

यावर अडकलेली असताना एका संध्याकाळी शेजारच्या काकू नातवाला रागावत होत्या: “चोरून काय खातोस रे, माग की, देते!” आणि मी जागच्या जागी थांबले. चोरून खाणं, चोरून ऐकणं, चोरून बघणं. मराठीतल्या ‘चोरून’मध्ये नेमके तेच दोन अर्थ आहेत. ते गुन्ह्याचंही नाव आहे आणि लाडाचंही. बाराशे वर्षांपूर्वीच्या चिनी अक्षराला अर्थाच्या दोन्ही बाजूंनी बसणारा शब्द आपल्याकडे आयता होता आणि मी तो काढायचा की ठेवायचा यावर आठवडे घालवत होते. संपादकांना देण्याजोगं कारण मला इथे मिळालं.

चौथा, बोधाची ओळ जोडणं. त्याला माझा विरोध पहिल्यापासून होता, पण त्यामागचं बळकट कारण मिळालं ते कवितेची जोडीदार कविता वाचल्यावर. ‘तळ्यावर’ ही दोन कवितांची जोडी आहे, आणि मी फक्त दुसरी घेतली होती. पहिलीत डोंगरातले दोन भिक्षू पटाचा खेळ खेळत बसलेत. पटावर बांबूची गार सावली. बांबूंमुळे ते कुणाला दिसत नाहीत, मधूनमधून सोंगटी ठेवल्याचा आवाज तेवढा येतो. एका कवितेत लपायचा विचारही नसलेले भिक्षू आवाजावरून कळतात, दुसरीत लपलोय असं समजणारं पोर पाण्यावरच्या रेघेवरून. दोन्हीकडे कवी नुसता आहे, ऐकतोय, बघतोय. भिक्षूंना तो हाक मारत नाही, मग पोराला कशाला मारेल? बोधाची ओळ घातली की काठावरचा तो गप्प माणूस बोलायला लागतो, आणि सबंध जोडीत त्याने एकदाही तोंड उघडलेलं नाही.

काय केलं

आधी शब्द दुरुस्त केले.

मूल. चिनी ‘वा’ मुलगा नाही आणि मुलगीही नाही. हिंदी अनुवादकाला इथे एक बाजू धरावी लागते. आपल्याकडे नपुंसकलिंग आहे: पोर आलं, लेकरू आलं. हे सुख मराठीत किती सहज मिळतं ते या कवितेने मला शिकवलं. ‘पोर’ ठेवलं.

तिसरी ओळ. ‘बू ज्ये’ म्हणजे न कळणं, न उमगणं. ‘जमलं नाही’ म्हटलं तर पोराने प्रयत्न केला असं होतं. ‘विसरलं’ म्हटलं तर त्याला आधी ठाऊक होतं असं होतं. होडीमागे खूण राहते ही गोष्टच त्याच्या डोक्यात आलेली नाही. म्हणून ‘ठाऊक नाही’. आणि ‘खूण’ऐवजी ‘माग’, कारण माग काढणारा कुणीतरी असतो.

राहिली ती पाण्यावरची पानं. ही अगदी बारीक, तरंगती वनस्पती. एकेक पान मसुराच्या दाण्याएवढं, मुळं पाण्यात सैल लोंबणारी. म्हणून तर छोटीशी होडीही तिला बाजूला सारते. मी ‘शेवाळ’ लिहिलं होतं, ते चूक. शेवाळ दगडाला धरतं, निसरडं असतं. मासिकातल्या कुणीतरी ‘जलपर्णी’ सुचवलं. ते त्याहून चूक. नद्या-तलाव व्यापणारी जांभळ्या फुलांची जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली, थांग काळातल्या लोयांगमध्ये ती असणं शक्य नाही. शिवाय जलपर्णीत होडी अडकते, वाट उघडत नाही.

इथे मी आधीच करायला हवं होतं ते केलं. तळकोकणातल्या एका प्राथमिक शाळेत माझी मैत्रीण शिकवते, शाळेमागे तळं आहे. तिच्या चौथीच्या वर्गात खर्डा वाचायला गेले. बाय जुयीबद्दल एक जुनी गोष्ट सांगतात की तो कविता लिहून एका म्हातारीला वाचून दाखवायचा आणि तिला न कळलेलं बदलायचा. गोष्ट सोंग काळात लिहिलेली, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर पुष्कळ वर्षांनी. खरी असेलच असं नाही. पण त्या दिवशी ती मला आधार वाटली.

तळ्यावर नेऊन मुलांना विचारलं, “ह्या हिरव्याला काय म्हणता?” एकाने सांगितलं, “घाण.” दुसऱ्याने “शेवाळ”. एक मुलगी, हातभर बांगड्या, म्हणाली, “टिकल्या.” तिने पाण्यात बोट फिरवलं आणि टिकल्या खरोखर सरकल्या, मध्ये काळं पाणी दिसलं. मी तिथेच शब्द लिहून घेतला.

वर्गात परत आल्यावर कविता वाचली. ‘चोरून’ला मुलं हसली, पण वाईट कुणालाच वाटलं नाही. “कृष्ण पण चोरायचा,” असं एकाने सांगून टाकलं. मी वाट बघत होते शिक्षेच्या प्रश्नाची. तो आला नाही. मागच्या बाकावरून वेगळाच प्रश्न आला: “बाई, मग हे बघत कोण होतं?”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. दुसरा म्हणाला, “काठावर कोणतरी असणार.” “मग ओरडला का नाही?” “मालक नसेल.” “मालकच असेल, पण त्याला मजा वाटली असेल.” दहा मिनिटं हेच. त्यात एकदाही कुणाला वाटलं नाही की कवितेने काही शिकवलं पाहिजे.

मालकच असेल, हे त्या मुलाचं उत्तर मला घरी आल्यावरही सुटेना, कारण त्याला आधार आहे. लोयांगच्या घराचं वर्णन बाय जुयीने स्वतः लिहून ठेवलंय. सतरा ‘मू’ जागा, म्हणजे आपल्या हिशेबात दोन-अडीच एकरांच्या आसपास. तिच्यातला तिसरा हिस्सा घर, पाचवा हिस्सा पाणी, नववा हिस्सा बांबू. ८२५ ते ८२६ मध्ये तो दक्षिणेला सूचौचा सुभेदार होता. तिथून येताना त्याने काय आणलं याचीही यादी आहे: थायहू सरोवराचे दगड, पांढरी कमळं, शिंगाड्याचा एक प्रकार, आणि एक होडी. ती पांढरी कमळं त्याने हौसेने लांबून आणून लावलेली होती. कवितेतलं तळं त्याचंच, असं कवितेत कुठे म्हटलेलं नाही. पण असेल तर पोराने कवीच्याच जिवाभावाची फुलं नेली आणि कवीने वीस अक्षरं लिहिली.

आणखी एक गोष्ट मला माहीत होती, आणि ती मुलांच्या पानावर द्यायची नाही असं मी ठरवलं. बाय जुयीची पहिली मुलगी अगदी लहानपणीच गेली. अठ्ठावन्नाव्या वर्षी, ८२९ मध्ये, मुलगा झाला, तोही तिसऱ्या वर्षी गेला. ही कविता त्यानंतर चारेक वर्षांनी लिहिलेली. तळ्यातल्या पोराकडे तो कुठल्या डोळ्यांनी बघत असेल हे मोठ्या वाचकाला सांगता येईल. आठ वर्षांच्या मुलावर ते लादू नये. कविता स्वतः ते लादत नाही.

शेवटचा खर्डा असा झाला:

इवलं पोर, इवली होडी,
पांढरी कमळं चोरून आलं;
माग लपवणं ठाऊक नाही,
टिकल्यांत पाणी उघडं झालं.

खाली एका ओळीची टीप: टिकल्या म्हणजे तळ्यावर तरंगणारी बारीक हिरवी पानं. दुसऱ्या आणि चौथ्या ओळीचं यमक मिळालं, परतणंही ‘आलं’मध्ये आलं.

हे घेऊन मी संपादकांकडे प्रत्यक्ष गेले. फोनवर बोलले नाही. ‘चोरून’चे दोन अर्थ सांगितले, वर्गात काय घडलं ते सांगितलं. त्यांनी कविता दोनदा मोठ्याने वाचली. मग म्हणाले, “राहू दे ‘चोरून’. माझी आई पण असंच म्हणायची.” बोधाच्या ओळीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

परिणाम

चित्रांत तीन गोष्टी सुधाराव्या लागल्या. चित्रकाराने पोराच्या हातात वल्हं दिलं होतं. मुळात ते लांब काठीने तळाला रेटून होडी चालवतं, तळं उथळ असल्यामुळे. पाण्यावर जांभळी फुलं आली होती, म्हणजे जलपर्णी मागल्या दाराने परत आलीच. आणि काठावर झाडाखाली पांढऱ्या दाढीचे आजोबा हसत उभे होते. चित्र फार सुंदर होतं. तरी मी आजोबांना काढायला सांगितलं. ते चित्रात दिसले की “बघत कोण होतं?” हा प्रश्न मुलं विचारणार नाहीत. चित्रकाराला हे पटायला वेळ लागला, पण त्याने काठ मोकळा सोडला. पोर मात्र मुलगाच निघालं, अर्ध्या चड्डीतला. त्याकडे माझं लक्ष छपाईनंतर गेलं.

अंक आला तेव्हा कविता जशीच्या तशी होती. पण तिच्याखाली, इतर सगळ्या कवितांखाली होती तशी, एक चौकट छापलेली होती: ‘या कवितेतल्या मुलाने काय चूक केली? आपण काय शिकलो?’ ती चौकट प्रत्येक पानाच्या आराखड्यातच होती आणि मला कुणी दाखवली नव्हती, कारण मी कधी मागितली नव्हती. मी चार ओळींसाठी सहा आठवडे भांडले आणि पाचवी ओळ पानाच्या तळाशी बसलेली होती.

मैत्रिणीच्या वर्गात अंक गेला. तिने सांगितलं की मुलांनी चौकटीत लिहिलेली बरीच उत्तरं एकाच साच्याची आली: चोरी करू नये. हीच मुलं महिन्यापूर्वी काठावरच्या माणसाबद्दल भांडत होती. मला याचं अजून वाईट वाटतं.

पुन्हा करायचं झालं तर

पहिलं काम, जोडीतल्या दोन्ही कविता आधी वाचेन. जोडीदार कविता मला तिसऱ्या आठवड्यात सापडली. पहिल्या दिवशी सापडली असती तर फोनवर नुसतं नाही म्हणायची वेळ आली नसती.

खर्डा संपादकांकडे जाण्याआधी मुलांकडे जाईल. ‘टिकल्या’ हा शब्द मला कुठल्याही कोशाने दिला नसता.

चार ओळींवर संमती न मागता पूर्ण पानावर मागेन: चित्र, टीप, चौकट, शीर्षक, सगळं. आणि प्रश्न छापायचाच असेल तर तो मी देईन. मागच्या बाकावरून आलेलाच देईन.

एक गोष्ट मात्र पुन्हा केली तरी कशी सुटेल हे मला दिसत नाही. मुळात ‘ई दाओ’ आहे: एक वाट, एक सलग रेघ. माझ्या चौथ्या ओळीत पाणी उघडं झालं, पण रेघ आली नाही. ‘टिकल्यांत पाण्याची रेघ उघडली’ केलं की यमक जातं आणि पोरही ‘आलं’च्या तालातून सुटतं. मी यमक धरलं, रेघ सोडली. त्या मुलीने बोट फिरवल्यावर पाण्यात जी दिसली होती, तीच.

यंदा त्याच मासिकाने पुन्हा विचारलं आहे. मी दोन्ही कविता समोरासमोरच्या पानांवर मागितल्या आहेत, डावीकडे भिक्षू, उजवीकडे पोर, खाली चौकट नाही. संपादक म्हणाले, “ताई, दोन पानं म्हणजे फार होतं हो.” पुढच्या सोमवारी त्यांना भेटायला जाते आहे.